जुनं लष्करी पिस्तूल: नवं ब्ल्यूइंग करावं की आहे तसं ठेवावं?

लिलावातून, वारशातून किंवा कुणाच्या जुन्या पेटीतून हाती आलेलं लष्करी पिस्तूल बहुधा असंच दिसतं: स्लाइडच्या (वरच्या सरकत्या भागाच्या) कडा पांढऱ्या पडलेल्या, नळीच्या टोकाचा काळा रंग होल्स्टरमध्ये घासून उडालेला, मुठीच्या मागच्या पट्टीवर हाताच्या घामाचा करडा डाग, कोपऱ्यात कुठेतरी चिमूटभर गंज. पाहताक्षणी हात शिवशिवतात. पॉलिश मारून नवं ब्ल्यूइंग केलं की कसं चकाचक दिसेल! पाहायला येणारा प्रत्येक जण हाच सल्ला देऊन जातो.

माझं मत आधीच सांगून टाकतो: बहुतेक वेळा करू नका. ब्ल्यूइंग म्हणजे पोलादावर मुद्दाम तयार केलेला काळ्या लोह-ऑक्साइडचा अगदी पातळ थर. तो चढवताना धातू फारसा जात नाही. धातू जातो तो त्याआधीच्या पॉलिशमध्ये. गंजाचा एक खड्डा नाहीसा करायचा तर त्याच्या तळाच्या पातळीपर्यंत आजूबाजूचा सगळा पृष्ठभाग खाली आणावा लागतो. त्याबरोबर शिक्क्यांची धार, अक्षरांची खोली, कडांचा काटकोन आणि कारखान्यातल्या यंत्राच्या खुणाही जातात. रंग पुन्हा कधीही चढवता येतो, पण घासून गेलेलं पोलाद परत आणता येत नाही. तरीही काही पिस्तुलं अशी असतात की ज्यांना नवं फिनिश देणंच शहाणपणाचं. आपलं कुठल्या प्रकारात मोडतं, हे ओळखण्यासाठी खालच्या पायऱ्या आहेत. क्रम मोडू नका.

पायरी १: रिकामं आहे का, आणि कायदा काय म्हणतो

कुठलंही पिस्तूल भरलेलंच आहे असं धरून हातात घ्यायचं. आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड मागे ओढून चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, डोळ्यांनी पाहा आणि बोटानेही चाचपा. लुगर या जर्मन पिस्तुलाच्या एक्स्ट्रॅक्टरवर, म्हणजे काडतूस बाहेर खेचणाऱ्या आकड्यावर, ‘गेलाडेन’ म्हणजे ‘भरलेलं’ असा जर्मन शब्द कोरलेला असतो आणि चेंबरमध्ये काडतूस असलं की तो भाग किंचित वर उचललेला दिसतो. मात्र शंभर वर्षांच्या स्प्रिंगवर भरवसा ठेवून चेंबर न पाहणं हा वेडेपणा.

तोंडातून दारू भरायच्या जुन्या पिस्तुलांचा धोका वेगळाच. कुणीतरी दीडशे वर्षांपूर्वी भरून ठेवलेली दारू आणि गोळी अजून आत असू शकते, आणि कोरडी राहिलेली काळी दारू आजही पेटते. तपासायची रीत सोपी आहे. तोंडासमोर न येता एक पातळ लाकडी काठी नळीत हलकेच टेकेपर्यंत घाला आणि तोंडाजवळ काठीवर पेन्सिलने खूण करा. मग तीच काठी बाहेरून नळीलगत धरून पाहा. काठीचं टोक बत्तीच्या छिद्रापर्यंत पोचत असेल तर नळी रिकामी. दोन-तीन सेंटिमीटर अलीकडेच थांबत असेल तर आत काहीतरी आहे. मग ना तापवायचं, ना ड्रिल लावायचं. ते काम सरळ जाणकाराकडे द्यायचं.

कायद्याचं थोडक्यात: ‘पुरातन’ कशाला म्हणायचं, हे देशागणिक बदलतं. अमेरिकी संघीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेलं शस्त्र पुरातन धरतात. इतरत्र निकष निराळे, आणि शस्त्र दुरुस्तीला देण्यासाठीही अनेक ठिकाणी कागदपत्रं लागतात. सीरियल नंबर मिटवणं किंवा बदलणं मात्र बहुतेक सगळीकडे गुन्हा आहे. पॉलिशच्या चाकाखाली नंबर पुसट झाला तर ‘हेतू तसा नव्हता’ हे पटवून देत बसावं लागतं.

पायरी २: पुसण्याआधी फोटो

कापडसुद्धा फिरवण्याआधी फोटो काढा. समोरून फ्लॅश मारून काही उपयोग नाही. दिवा अगदी आडवा, पृष्ठभागाला जवळजवळ टेकून धरा. मग पुसट शिक्क्यांच्या सावल्या पडतात आणि नुसत्या डोळ्यांना न दिसलेलं दिसू लागतं. प्रत्येक नंबर, प्रत्येक लहान मुकुट, गरुड, आद्याक्षरं, मुठीच्या पट्ट्यांची आतली बाजू, मॅगझिनचा तळ, सगळं टिपा. भिंगातून पाहिलेलं वहीत लिहून ठेवा. ही कंटाळवाणी पायरी आहे आणि लोक नेमकी हीच गाळतात.

पायरी ३: कारखान्यातून निघताना ते कसं दिसत होतं?

‘मूळ रूप’ म्हणजे गुळगुळीत, चकचकीत काळं, ही समजूत बऱ्याच जणांची असते. त्याच समजुतीने बरीच पिस्तुलं बिघडली आहेत. लष्करी शस्त्रांचं फिनिश वर्षावर, कारखान्यावर आणि युद्धाच्या घाईवर अवलंबून असे.

लुगर पी ०८ घ्या. जर्मन सैन्याने ते १९०८ मध्ये स्वीकारलं. डीडब्ल्यूएम आणि एर्फुर्ट या कारखान्यांच्या काळातल्या पिस्तुलांवर गंज-ब्ल्यूइंग असे. द्रावण लावून पोलाद मुद्दाम गंजवायचं, पाण्यात उकळायचं, लाल गंज काळा झाला की घासायचं आणि हे पुन्हा पुन्हा करायचं. द्रावण बाहेरून हाताने लावलं जाई, म्हणून फ्रेमची, म्हणजे पिस्तुलाच्या सांगाड्याची, आतली बाजू पांढरी, उघड्या पोलादाचीच राही. ट्रिगर, सेफ्टीचा खटका, मॅगझिन सोडवायचं बटण असे छोटे भाग तापवून गवताच्या काडीसारखे पिवळसर केलेले असत. माउझर कारखान्यात १९३७ च्या सुमारास ही पद्धत बदलली. गरम क्षारांच्या हौदात सगळा भाग बुडवून काळा करू लागले, आणि पिवळे भागही काळे झाले. आता हिशेब लावा. चेंबरवर १९१७ आहे, पण फ्रेमच्या आत हात घालावा तिथवर एकसारखा काळा रंग आहे आणि ट्रिगरही काळाच आहे. असं पिस्तूल नंतर कुणीतरी हौदात बुडवलेलं आहे. ते कितीही देखणं असलं तरी मूळ नाही.

शिक्क्यांभोवतीची कडी हाही जवळून पाहायचा पुरावा. पूर्वी काही तपासणीचे शिक्के ब्ल्यूइंग झाल्यावर मारले जात. ठोकताना धातू बाजूला सरकून थोडा उचलला जातो आणि त्यावरचा रंग उडतो. त्यामुळे अक्षराभोवती एक बारीक उजळ वलय राहतं. ते वलय टिकलं असेल तर तिथे कुणाचा पॉलिशपेपर फिरलेला नाही. वलय गेलेलं, अक्षराच्या तळाशी नवा काळा रंग आणि अक्षराच्या कडा गोल झालेल्या दिसल्या की समजून घ्यायचं.

अमेरिकी एम १९११ ची गोष्ट आणखी गमतीची. अगदी सुरुवातीच्या पिस्तुलांवर आरशासारखं पॉलिश आणि खोल निळं ब्ल्यूइंग आहे, पण थोड्याच काळात सैन्याने चकाकी कमी करायला लावली. १९१८ मधल्या घाईत बनलेल्या कोल्ट कंपनीच्या पिस्तुलांवर ओबडधोबड पृष्ठभागावर काळं ब्ल्यूइंग आहे आणि ते पापुद्र्यांनी सुटतं. संग्राहक त्यांना ‘ब्लॅक आर्मी’ म्हणतात. म्हणजे सालपटं निघालेलं फिनिश हीच त्या वर्षाची ओळख. ती घासून गुळगुळीत केलेलं ‘ब्लॅक आर्मी’ पाहिलं की वाईट वाटतं. दुसऱ्या महायुद्धातल्या एम १९११ए१ या सुधारित आवृत्तीवर बहुतेक ठिकाणी पार्करायझिंग, म्हणजे फॉस्फेटचा राखाडी-हिरवट खडबडीत थर दिसतो. पण युनियन स्विच अँड सिग्नलने ड्यू-लाइट नावाचं काळं फिनिश वापरलं, आणि शिवणयंत्रवाल्या सिंगर कंपनीने १९४१ मध्ये बनवलेल्या अवघ्या ५०० पिस्तुलांवरही तेच होतं. सिंगरच्या पिस्तुलाला हौसेने कुणी पार्कराइझ केलं, तर त्याने काय घालवलं ते वेगळं सांगायला नको.

वाल्थर पी ३८ मध्ये उलटी फसगत होते. १९४३ नंतरच्या पिस्तुलांवर, विशेषतः ‘सीवायक्यू’ छापाच्या स्प्रीवेर्क कारखान्याच्या पिस्तुलांवर, मिलिंग यंत्राच्या रेघा उघड्या दिसतात. ‘काय घाणेरडं काम केलंय’ असं म्हणत नवशिका त्या घासून काढतो. त्या रेघा म्हणजेच १९४४ साल. गुळगुळीत केलेलं १९४४ चं पी ३८ जाणकाराला दुरूनच ओळखू येतं.

त्याहून जुन्या शस्त्रांमध्ये काहींवर रंगच नव्हता. अमेरिकेच्या १८३६ च्या चकमकीच्या पिस्तुलाचे लोखंडी भाग उजळ, पांढरेच ठेवलेले असत आणि शिपायाने ते घासत राहायचं. आज त्यावर बसलेली गडद तपकिरी-करडी झाक हा काळाचा हिशेब आहे. त्यावर ब्ल्यूइंग करणं म्हणजे कधीच नसलेलं रूप त्याला देणं. कोल्ट १८६० आर्मीमध्ये नळी आणि सिलिंडर निळे, पण फ्रेम आणि घोडा केस-हार्डनिंगच्या, म्हणजे लोखंडाचा वरचा थर कडक करण्याच्या प्रक्रियेतून येणाऱ्या, रंगीत ढगांचे. सिलिंडरवर १८४३ च्या नौदल लढाईचं चित्र रोलरने दाबलेलं असतं. ते इतकं उथळ असतं की पॉलिशच्या चाकाचे दोन फेरे झाले की जहाजं बुडालीच.

म्हणून फिनिशचा विचार करण्याआधी मॉडेल, कारखाना आणि वर्ष नक्की करा. ते जमत नसेल तर पिस्तुलाला हातच लावू नका. अज्ञानात केलेली सफाई सगळ्यात महाग पडते.

पायरी ४: आधी कुणी हात मारलाय का, आणि कोणी?

इथे दोन प्रकार वेगळे ओळखायचे असतात. एक, सैन्याने स्वतः शस्त्रागारात केलेलं नूतनीकरण. दोन, नंतर खाजगीत कुणीतरी केलेलं. पहिलं हा शस्त्राच्या नोकरीचा भाग आहे. पहिल्या महायुद्धातलं एम १९११ पुढे ऑगस्टा किंवा रॉक आयलंडच्या शस्त्रागारात जाऊन पार्कराइझ होऊन बाहेर आलं, तर फ्रेमवर शस्त्रागाराची अक्षरं सापडतात, ‘एए’ किंवा ‘आरआयए’. त्याला पुन्हा १९१८ च्या रूपात नेण्याचा मोह टाळा. ते पिस्तूल दोन युद्धं पाहून आलंय आणि तसंच दिसतंय.

ब्रिटिश शस्त्रांवरचा ‘एफटीआर’ हा शिक्का कारखान्यात केलेल्या पूर्ण दुरुस्तीचा. अशा शस्त्रांवर काळा पेंटही सापडतो, आणि तो खरवडून काढायची घाई नको. एनफिल्ड नंबर २ रिव्हॉल्व्हरच्या घोड्यावरचा अंगठ्याचा भाग सैन्याने नंतर काढून टाकला, म्हणून बरीच जुनी रिव्हॉल्व्हरंही तशी बदलली गेली. नवा घोडा बसवून ती ‘पूर्ववत’ करणारे लोक आहेत. माझ्या मते ती दुरुस्ती नव्हे, खाडाखोड आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या निर्बंधांपायी नळी कापून आखूड केलेल्या माउझर सी ९६ बद्दलही तेच. सोव्हिएत सैन्याने हस्तगत केलेली लुगर आणि पी ३८ पिस्तुलं डेपोत सुटी करून, भागांची सरमिसळ होऊन, हौदात बुडवून, नवे नंबर घालून परत जोडली गेली. ती ‘मॅचिंग’, म्हणजे सगळ्या भागांचे मूळ नंबर जुळणारी, नाहीत म्हणून खोटी ठरत नाहीत.

खाजगी हात ओळखायचे तर भिंग घेऊन स्क्रूच्या भोकांपाशी जा. कारखान्यात भोकाची कड सपाट आणि तीक्ष्ण असते. कापडी चाकावर पॉलिश केलेल्या पिस्तुलात भोकाभोवती बशीसारखा उतार पडतो, कारण मऊ चाक भोकात दबतं आणि कड ओढून नेतं. सपाट बाजूंवर खिडकीच्या प्रकाशाचं प्रतिबिंब पाडून पाहा. सरळ रेघ नागमोडी झाली तर पृष्ठभाग लाटांसारखा झालाय. काटकोनी कडा साबणाच्या वडीसारख्या मऊ झाल्या आहेत का पाहा. खड्ड्यांच्या तळाशी ब्ल्यूइंग दिसलं तर गंज आधी आणि रंग नंतर, हे स्पष्टच. लाकडी मुठीवर तपासनिसाचा चौकटीतला शिक्का असायला हवा तिथे कोरं लाकूड असेल, तर कुणीतरी पॉलिशपेपर फिरवलाय. आणि लाकूड भोवतालच्या लोखंडापेक्षा खाली बसलेलं असेल तर संशय उरतच नाही.

आता तुमच्यासमोर तीन शक्यता उरतात. फिनिश मूळ आहे, थोडं वा बरंच झिजलेलं. किंवा सैन्याने बदललेलं आहे. किंवा खाजगीत बिघडवलेलं आहे. पहिल्या दोन्हींत पुढची पायरी म्हणजे सफाई आणि जपणूक, एवढंच. ब्ल्यूइंग निम्म्याहून अधिक उडालेलं असलं तरी. ‘पण फार वाईट दिसतंय हो’ याचं माझ्याकडे एकच उत्तर आहे: महिनाभर तेल लावून ठेवा आणि मग पाहा.

पायरी ५: गंज काढा, फिनिश काढू नका

गंज दोन प्रकारचा. गडद तपकिरी, घट्ट, बोटाला न लागणारा गंज स्थिरावलेला असतो. त्याला बहुधा सोडून द्यावं. केशरी, भुकटीसारखा, पांढऱ्या कापडावर डाग सोडणारा गंज अजून पोलाद खातोय. तो थांबवायचा.

पिस्तूल सुटं करा, पण जितकं बिनधोक सुटं होतं तितकंच. स्क्रूच्या खाचेत नेमका बसणारा पेचकस नसेल तर स्क्रूला हात लावू नका. चुरगळलेली खाच हा कायमचा डाग असतो. गंजलेल्या भागावर पातळ, आत झिरपणारं तेल लावा आणि एक-दोन दिवस सोडा. मग तांब्याची किंवा पितळेची बोथट पट्टी अगदी आडवी धरून गंजाचा उंचवटा खरवडा. तांबं पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे ते गंज उचलतं पण खालच्या पोलादाला ओरखडा पाडत नाही. शेजारचं ब्ल्यूइंग टिकावं म्हणून जागा कायम तेलात भिजलेली ठेवा आणि पट्टी हलक्या हाताने चालवा. निघालेली लाल भुकटी कापडाने उचला, पुन्हा तेल घाला, पुन्हा थांबा. मोठ्या जागेवर पितळी तारेची मऊ घासणी आणि तेल चालतं. स्टीलच्या सगळ्यात बारीक घासणीची शिफारस पुष्कळ जण करतात. ती तेलात चालते खरी, पण पातळ पडलेल्या ब्ल्यूइंगवर चार हात जास्त फिरली तर ते घेऊन जाते. मी ती ब्ल्यूइंगपासून लांबच ठेवतो. दोन-तीन बैठकांनंतर कापडावर लाल येणं बंद झालं की तिथेच थांबायचं. खड्डे राहतील आणि ते राहू द्यायचे.

काय वापरू नये, हे त्याहून महत्त्वाचं. व्हिनेगर, लिंबू, कोला आणि बाजारात मिळणारी गंज काढायची द्रावणं लाल गंजासोबत ब्ल्यूइंगही विरघळवतात. ब्ल्यूइंग हाही लोहाचा ऑक्साइडच, द्रावणाला फरक कळत नाही. निकेलच्या मुलाम्यावर अमोनियावालं साफसफाईचं द्रव नको. मुलाम्याखाली अनेकदा तांब्याचा थर असतो, अमोनिया तो खातो आणि निकेल पोपडे धरून सुटतं. बाटलीतलं थंड ब्ल्यूइंग लावून पांढरे डाग झाकायचा मोहही नको. रंग जुळत नाही, लवकर उडतो, आणि पारखी माणसाला तो डाग लपवाछपवीसारखा दिसतो.

लाकडी मुठीला पॉलिशपेपर लावायचा नाही, वार्निश द्यायचं नाही. किंचित ओलसर कापडाने मळ काढा, कोरडं होऊ द्या, थोडं मेण लावा. खाचांच्या नक्षीत साचलेला मळ मऊ ब्रशने निघतो, तोही सगळा काढायलाच हवा असं नाही.

मधला मार्ग: उकळणं

लाल गंज पातळ पण सगळीकडे पसरलेला असेल, तर नुसत्या खरवडण्याने भागत नाही. तेव्हा उकळणं उपयोगी पडतं. यात पॉलिश नाही. सुटे केलेले पोलादी भाग नीट तेलमुक्त करून ऊर्ध्वपातित पाण्यात वीसेक मिनिटं उकळायचे. उकळताना लाल गंजाचं काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर होतं आणि खड्ड्यांतले क्षारही बऱ्यापैकी निघतात. क्षार आत राहिले तर कितीही तेल लावा, गंज परत उगवतो. बाहेर काढलेले भाग लगेच कोरडे करून, वर आलेली काळी भुकटी मऊ घासणीने हलकेच काढून तेलात ठेवायचे. नळाचं पाणी वापरू नका, त्यात क्षार असतात. तापवून पिवळे किंवा गर्द निळे केलेले छोटे भाग यातून वगळा, त्यांचा रंगीत थर फार पातळ असतो आणि घासताना जाऊ शकतो. मूठ, प्लॅस्टिक, मुलामा चढवलेले भाग अर्थात बाजूला. गंजलेलं पिस्तूल यातून गडद, शांत रंगाचं होऊन बाहेर येतं आणि एकाही शिक्क्याची धार कमी होत नाही. फिनिश बदलायला निघालेल्या बऱ्याच लोकांची हौस इथेच भागते, असा माझा अनुभव आहे.

पायरी ६: नवं फिनिश कधी रास्त?

काही पिस्तुलांना गमावण्यासारखं उरलेलंच नसतं. कुणी वाळूचा मारा करून खरबरीत केलेलं, कुणी घरगुती पेंट फासलेलं, कुणी चाकावर घासून पांढरं केलेलं, वेगवेगळ्या पिस्तुलांचे भाग एकत्र करून जुळवलेलं, संख्येने मुबलक असलेल्या मॉडेलचं. इथे नवं, युगाला साजेसं फिनिश देण्यात मला काही वावगं वाटत नाही. पिस्तूल गोळीबाराच्या सरावात वापरायचं असेल आणि उघडं पोलाद सतत गंजत असेल, तरीही. मात्र जुन्या पोलादातून गोळी झाडण्यापूर्वी कुशल शस्त्रकाराकडून तपासणी करून घ्यायलाच हवी. फिनिश सुंदर झालं म्हणजे पिस्तूल झाडण्याजोगं झालं, असं होत नाही.

निकेल चढवलेल्या लष्करी पिस्तुलांबद्दल एक खास सूचना. युद्धातून घरी आणलेल्या पिस्तुलांना नंतर हौसेने निकेल किंवा क्रोम चढवायची पद्धत होती. निकेल उतरवलं की खाली मूळ ब्ल्यूइंग सापडेल, ही आशा सोडून द्या. मुलामा धरावा म्हणून त्याआधीच पृष्ठभाग साफ घासलेला असतो. असं पिस्तूल ब्ल्यूइंगसाठी योग्य उमेदवार आहे, पण ते ‘मूळ’ होणार नाही.

किमतीचा विचार कराल तर सूत्र एवढंच: संग्राहक मूळ झिजलेल्या फिनिशला नव्या चकचकीत फिनिशपेक्षा जास्त मोजतात, आणि सगळे नंबर जुळणाऱ्या पिस्तुलात हा फरक फार वाढतो. चांगलं नूतनीकरण स्वस्तात होत नाही, आणि साध्या मॉडेलवर खर्च केलेले पैसे सहसा परत मिळत नाहीत. स्वतःच्या समाधानासाठी करत असाल तर तसं स्पष्ट ठरवून करा.

पायरी ७: करायचंच ठरलं तर

कारागीर निवडताना ‘किती चमकेल?’ हा प्रश्न विचारू नका. ‘पॉलिश हाताने करता की चाकावर?’ हे विचारा. चांगला माणूस सपाट बाजूंना कडक ठोकळ्यावर कागद ताणून, एकाच दिशेने, मूळ रेघांच्या रोखाने घासतो. शिक्क्यांपाशी थांबतो. खड्डे राहतील हे आधीच सांगतो. ‘सगळे खड्डे काढून देतो, अक्षरं पुन्हा कोरून देतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा. पुन्हा कोरलेले शिक्के ही नक्कल असते, आणि तपासणीचे किंवा शस्त्रागाराचे शिक्के नव्याने मारणं सरळ फसवणुकीकडे जातं.

पद्धत त्या काळाची घ्या. पहिल्या महायुद्धातल्या लुगरला गंज-ब्ल्यूइंग, आणि छोट्या भागांना साधारण २२० ते २३० अंश सेल्सियसला येणारा पिवळा रंग. १९४० च्या दशकातल्या बऱ्याच पिस्तुलांना गरम क्षारांचं ब्ल्यूइंग चालतं. यात कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचं द्रावण साधारण १३५ ते १५० अंशांवर उकळत असतं. त्यात थंड पाण्याचा शिंतोडा पडला तरी उकळता क्षार अंगावर उडतो, त्यामुळे हे घरात करायचं काम नव्हे. एम १९११ए१ ला पार्करायझिंग करायचं तर त्याआधी बहुधा बारीक कणांचा मारा करतात. तोही पृष्ठभाग खातो, म्हणून दाब कमी ठेवायला आणि शिक्के झाकायला सांगा. मुळात पांढरी असलेली आतली बाजू पांढरीच राहू द्या.

काम देताना लेखी यादी द्या: कुठल्या भागाला काय करायचं, कशाला हात लावायचा नाही, सीरियल नंबर कसा वाचता येतोय, फोटोसह. बदललेला प्रत्येक जुना भाग परत मागून घ्या, मोडका असला तरी. कामाची पावती आणि आधीचे फोटो पिस्तुलासोबतच ठेवा, आणि कधी विकलंत तर पुढच्याला ते दाखवा. चांगलं नूतनीकरण काही वर्षांनी अजाण हातात ‘मूळ’ म्हणून विकलं जातं, आणि त्याची सुरुवात कागद हरवण्यापासून होते.

पायरी ८: ठेवणं

कातडी होल्स्टर सुंदर दिसतं म्हणून त्यात पिस्तूल ठेवू नका. कातडं ओल धरतं, आणि कमावताना वापरलेली आम्लं व क्षार पोलादाला लागतात. होल्स्टर शेजारी वेगळं ठेवा. खोलीतली सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास आणि स्थिर असलेली बरी. फार कोरड्यात लाकडी मुठीला भेगा जातात. पिस्तूल हाताळायचं तर नायट्राइलचे हातमोजे घाला, कारण बोटांच्या घामातलं मीठ एका रात्रीत ठसा उमटवतं. शोभेच्या पिस्तुलाला तेलापेक्षा सूक्ष्मस्फटिकी मेण बरं, कारण तेल ओघळतं आणि धूळ धरतं. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं रेनेसाँ वॅक्स संग्रहालयांमध्ये यासाठीच वापरतात. अगदी थोडं घ्या, पातळ पसरा, कापडाने झळाळी आणा. वर्षातून दोनदा बाहेर काढून मुठीच्या पट्ट्यांखाली पाहा. वरून सगळं ठीक दिसत असताना गंज तिथेच आधी धरतो.